पिरान पायी बघताना: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

स्लोव्हेनियाला समुद्रकिनारा आहे जेमतेम ४७ किलोमीटरचा. त्या एवढ्याशा किनाऱ्यावर समुद्रात घुसलेलं एक निमुळतं टोक आहे आणि त्या टोकावर दाटीवाटीनं वसलेलं पिरान हे गाव. लोकवस्ती चार हजारांच्या आसपास. एका बाजूच्या धक्क्यावरून निघून दुसऱ्या बाजूच्या पाण्यापर्यंत चालत गेलात तर दहा मिनिटंही लागत नाहीत. त्यामुळे बहुतेक सहली इथे दोन तास थांबतात. चौकात फोटो होतात, आइस्क्रीम होतं, की बस निघते राजधानी ल्युब्लियानाकडे नाहीतर व्हेनिसकडे.

हा लेख त्या दोन तासांच्या विरोधात आहे. पिरानला किमान एक रात्र द्या आणि दुसऱ्या दिवशी गावाबाहेरची मिठागरं बघा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. या गावात जे काही देखणं आहे, त्यामागे शेकडो वर्षांचा मिठाचा पैसा उभा आहे. मिठागरं न बघता परतलं तर गावाचा दर्शनी भागच तेवढा पाहून झाला, असं होतं.

निघण्याआधी

स्लोव्हेनिया शेंगेन क्षेत्रात आहे, म्हणजे भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. चलन युरो. इटली आणि क्रोएशिया हे दोन्ही शेजारीही शेंगेनमध्येच आहेत, त्यामुळे कागदोपत्री सीमा उघड्या आहेत; पण अलीकडच्या काळात या सीमांवर पुन्हा तपासणी सुरू झालेली आहे. इटलीतल्या त्रिएस्तेहून येत असाल किंवा क्रोएशियाकडे एखादी चक्कर मारणार असाल तर पासपोर्ट खोलीवर ठेवून निघू नका. मोबाइलमधला फोटो दाखवून काम भागेल असं गृहीत धरू नका.

पिरानला रेल्वे नाही. सर्वांत जवळचं स्टेशन कोपरचं, तिथून बसनं साधारण पाऊण तास. ल्युब्लियानाहून पिरानला थेट बस मिळते. अंतर १२० किलोमीटर, वेळ अडीच ते तीन तास, कारण बस वाटेतली गावं घेत जाते. त्रिएस्ते जेमतेम ३५ किलोमीटरवर असलं तरी तिथून बहुतेक वेळा कोपरला बस बदलावी लागते. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी फेऱ्या कमी होतात. येतानाच परतीच्या शेवटच्या बसची वेळ बघून ठेवा, ती तुमच्या अंदाजापेक्षा बरीच लवकर असू शकते.

भाड्याच्या गाडीनं येणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. स्लोव्हेनियाच्या महामार्गांवर टोलनाके नाहीत, त्याऐवजी ‘विन्येटा’, म्हणजे ठराविक मुदतीचा महामार्ग-परवाना, आधी विकत घ्यावी लागते. गाडी इटलीत किंवा क्रोएशियात घेतलेली असेल तर ती तुमची तुम्हालाच घ्यायची आहे, आणि ती नसताना महामार्गावर सापडलात तर दंड जबर आहे. दुसरं म्हणजे जुन्या गावात पाहुण्यांच्या गाड्यांना प्रवेश नाही. गावाच्या अलीकडे फोर्नाचे नावाचं मोठं पार्किंग आहे, तिथे गाडी ठेवून गावातल्या छोट्या बसनं मुख्य चौकात यायचं. चालत आलात तर आणखी चांगलं. किनाऱ्यानं पंधरा मिनिटांची सपाट वाट आहे आणि गाव हळूहळू समोर येत जातं.

राहण्याच्या जागेबद्दल. जुन्या गावातली घरं दगडी, उंच आणि अरुंद आहेत. लिफ्ट जवळपास कुठेच नाही. जिने इतके चिंचोळे असतात की मोठी सुटकेस आडवी बसत नाही. खोली ठरवताना ‘कितव्या मजल्यावर?’ हा प्रश्न आधी विचारा. आई-वडील बरोबर असतील तर तळमजला किंवा पहिला मजला मिळेपर्यंत शोधत राहा, नाहीतर पोर्तोरोझला राहा. ते तीन किलोमीटरवरचं हॉटेलांचं गाव आहे, तिथे लिफ्टही असते आणि पिरानची बसही मिळते. पण ज्याला जमेल त्यानं पिरानमध्येच राहावं. संध्याकाळी सहली निघून गेल्या की गल्ल्यांमधून घराघरातल्या ताटवाट्यांचे आवाज यायला लागतात, आणि ते गाव दुपारच्या गावापेक्षा वेगळं असतं.

महिने सांगायचे तर मे, जून आणि सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी दोन्ही टिपेला असतात, पण मीठ काढताना बघायचं तर तेच दिवस. म्हणून मला जूनचा शेवट आणि सप्टेंबरची सुरुवात हे दोन मुहूर्त सर्वांत योग्य वाटतात. हिवाळ्यात ‘बुर्या’ नावाचा ईशान्येचा वारा सुटतो. तो थंड असतोच, शिवाय त्याचे झोत माणसाला जागेवरून हलवतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दक्षिणेचा वारा आणि भरती एकत्र आली की धक्क्याजवळच्या भागात समुद्राचं पाणी चढतं. त्या दिवसांत जात असाल तर हवामानाचा अंदाज रोज बघा.

पायात पकड असलेले बूट हवेत. गल्ल्यांमधली फरसबंदी इतक्या पिढ्यांच्या चालण्यानं गुळगुळीत झालेली आहे की एक सर येऊन गेली तरी चपला घसरतात. प्यायचं पाणी विकत घेऊ नका, नळाचं पाणी इथे बिनधास्त पिता येतं. बाटली भरून घ्या. खिशात थोडी नाणी असू द्या. अडीअडचणीला ११२ हा नंबर.

चौकापासून सुरुवात

सकाळी आठच्या सुमारास बाहेर पडा. पहिला थांबा तार्तिनी चौक. लंबगोल, फिकट दगडाचा, झाडं जवळपास नसलेला. इतक्या दाटीच्या गावात एवढी मोकळी जागा कशी राहिली, असा प्रश्न पडायला हवा. उत्तर असं की ही जमीन नव्हतीच, हे पाणी होतं. इथे गावाचं आतलं बंदर होतं, होड्या थेट घरांच्या दारात लागत. १८९४ साली ते भरून काढलं आणि त्याचा चौक झाला. समुद्राकडे पाठ करून उभे राहिलात की घरांची गोलाकार रांग दिसते, ती मूळ धक्क्याची कड आहे.

मधला पुतळा जुझेप्पे तार्तिनी यांचा. हे व्हायोलिनवादक आणि संगीतकार १६९२ साली याच गावात जन्मले आणि १७७० साली पादुआत वारले. पुतळा १८९६ सालचा. त्यांचं जन्मघर चौकाच्या कडेलाच आहे आणि वरच्या मजल्यावर त्यांच्या वस्तूंचं छोटं दालन आहे. संगीतात रस असेल तर अर्धा तास द्या, नसेल तर पुढे चला.

पुढे जाण्याआधी मात्र चौकाच्या समुद्राकडच्या बाजूला असलेले दोन दगडी ध्वजस्तंभ शोधा. सहसा लोक त्यांच्या पायरीवर बसून फोन बघत असतात. हे स्तंभ पंधराव्या शतकातले आहेत. एकावर व्हेनिसचं चिन्ह असलेला संत मार्कचा पंखवाला सिंह कोरलेला आहे, दुसऱ्यावर गावाचा पालक संत जॉर्ज. आणि नीट बघितलंत तर दगडात लांबीची मापं कोरलेली दिसतील. बंदरावर माल उतरला की कापड, दोर, लाकूड काय असेल ते या अधिकृत मापाशी ताडून बघता येई, म्हणजे व्यापाऱ्यानं आपल्या सोयीचा गज वापरायला जागा उरत नसे. कोरलेल्या रेषेवरून बोट फिरवून बघा. बाजारात फसवणूक होऊ नये म्हणून सरकारनं चारचौघांत उभी केलेली ही सोय पाचशेहून अधिक वर्षं तिथे उभी आहे आणि अजून वाचता येते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

चौकाच्या कोपऱ्यावर लालसर रंगाचं एक घर आहे, निमुळत्या कमानींच्या खिडक्या आणि कोपऱ्यावरची सुरेख गॅलरी असलेलं. याला व्हेनेशियन घर म्हणतात, तेही पंधराव्या शतकातलं. वरच्या खिडक्यांच्या मधे सिंहाच्या शिल्पासोबत एक ओळ कोरलेली आहे: ‘लासा पुर दीर’, म्हणजे लोक बोलतात तर बोलू देत. गावात दंतकथा अशी की व्हेनिसच्या एका श्रीमंत व्यापाऱ्याचं इथल्या मुलीवर प्रेम जडलं, गावभर कुजबूज झाली, तेव्हा त्यानं तिच्यासाठी हे घर बांधून वर ही ओळ लावली. कथेला पुरावा नाही, ओळ मात्र डोळ्यांनी दिसते.

व्हेनिसचा उल्लेख सतत येतोय, म्हणून थोडक्यात. १२८३ ते १७९७, म्हणजे पाचशेहून जास्त वर्षं पिरान व्हेनिसच्या ताब्यात होतं. नंतर ऑस्ट्रिया, पहिल्या महायुद्धानंतर इटली, दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ ते १९५४ त्रिएस्तेच्या मुक्त प्रदेशाचा ‘ब’ विभाग (युगोस्लाव्हियाच्या लष्करी प्रशासनाखालचा), मग युगोस्लाव्हिया आणि १९९१ पासून स्वतंत्र स्लोव्हेनिया. इथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जन्मलेल्या माणसानं घर न बदलता कितीतरी राज्यं पाहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर इथले बहुसंख्य इटालियन भाषक गाव सोडून इटलीत गेले. जे राहिले त्यांच्या भाषेला आज अधिकृत दर्जा आहे, म्हणून प्रत्येक पाटीवर दोन नावं दिसतात: पिरान आणि पिरानो. नकाशात एक नाव आणि पाटीवर दुसरं दिसलं तर गोंधळू नका.

चढण

चौकातून चर्चच्या मनोऱ्याकडे जाणारी कुठलीही गल्ली धरा. चुकायची भीती नाही. चढत राहिलात की संत जॉर्जच्या चर्चपाशी पोचता आणि उतरत राहिलात की समुद्रापाशी. पाच-सात मिनिटांचा चढ आहे, पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी थांबत थांबत जावं, कारण गावातला हा चढ टाळू नये असाच आहे.

चर्चबाहेरच्या कट्ट्यावरून एका बाजूला खाली गाव आणि दुसऱ्या बाजूला सरळ समुद्र. घंटेचा मनोरा स्वतंत्र उभा आहे, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, व्हेनिसमधल्या संत मार्कच्या मनोऱ्यावरून घडवलेला. थोडे पैसे भरून वर जाता येतं. आतला जिना लाकडी आणि अरुंद, शेवटी घंटांच्या पातळीवर उघडतो. तासाच्या ठोक्याला वर असाल तर कान झाका. हवा स्वच्छ असेल तर इथून क्रोएशियाचा किनारा, इटलीचा किनारा आणि थंडीत त्यामागे आल्प्सची बर्फाळ रांग, असं सगळं एका फेरीत दिसतं. शेजारची अष्टकोनी इमारत बाप्तिस्म्याची. उघडी मिळाली तर आत डोकावा, तिथलं पात्र म्हणजे रोमन काळातली दगडी शवपेटी आहे.

चर्चपासून तशीच वर दहा मिनिटं चालत गेलात की गावाची तटबंदी लागते. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या या तटाचा मोगोरोन टेकडीवरचा भाग चांगला टिकून आहे. तिथेही थोडंसं शुल्क आहे. पिरानचा सगळीकडे दिसणारा फोटो, म्हणजे लाल कौलांची निमुळती होत जाणारी जीभ आणि तिन्ही बाजूंना निळं पाणी, तो इथूनच काढलेला असतो. गाव इथून पश्चिमेला आहे, म्हणून सकाळी सूर्य पाठीशी असतो आणि कौलं उजळलेली दिसतात. संध्याकाळी आलात तर सूर्य समोरून डोळ्यात येतो. सकाळी लवकर निघा म्हटलं ते यासाठी. बुरुजांवरच्या पायऱ्या उभ्या आहेत आणि कठडे काही ठिकाणी कमी उंचीचे. लहान मुलांचा हात सोडू नका.

पावसाचं पाणी

तटावरून उतरताना त्याच वाटेनं चौकात जाऊ नका. चर्चच्या खालून डावीकडच्या-उजवीकडच्या गल्ल्यांमधून पश्चिमेकडे, म्हणजे टोकाच्या दिशेनं उतरा. घरं जोडणाऱ्या कमानींखालून जाल, वाळत घातलेल्या कपड्यांखालून जाल, आणि अचानक एका छोट्या चौकात याल. हा १ मे चौक. एके काळी गावाचं मध्यवर्ती ठिकाण हे होतं.

इथे जमिनीपासून उंचावलेलं मोठं दगडी व्यासपीठ आहे. पाहिल्यावर वाटतं, कार्यक्रमांसाठी बांधलंय. उन्हाळ्यात त्यावर कार्यक्रम होतातही. खरं म्हणजे ही पाण्याची टाकी आहे. गावाला तिन्ही बाजूंनी समुद्र आणि प्यायला नदी-ओढा काही नाही. १७७५ साली मोठा दुष्काळ पडला आणि १७७६ साली ही टाकी बांधली. भोवतालच्या घरांच्या छपरांवर पडणारा पाऊस पन्हळींतून खाली आणायचा, गाळून टाकीत साठवायचा आणि वरच्या दोन विहिरींतून शेंदायचा, अशी योजना. व्यासपीठाच्या मागच्या कोपऱ्यांवर दगडी बाळमूर्ती आहेत, हातात घडे घेतलेल्या. त्या नुसत्या शोभेच्या नाहीत. छपराच्या पन्हळीचं पाणी त्या घड्यांतून आत जायचं. पुढच्या पायऱ्यांवरचे दोन पुतळे कायदा आणि न्याय यांचे आहेत. पिण्याच्या पाण्याच्या वाटेवर या दोघांना उभं करणाऱ्या नगरपालिकेला पाणीवाटपाची भांडणं चांगली ठाऊक असणार.

मराठवाड्यातून किंवा माणदेशातून आलेल्या माणसाला ही टाकी बघायला चर्चपेक्षा जास्त वेळ लागेल, आणि तो लागू द्यावा. पन्हळ, घडा, टाकी, विहीर हा पाण्याचा सगळा प्रवास इथे उघड्यावर दिसतो.

तिथून टोक, म्हणजे पुंता, पाच मिनिटांवर. संत क्लेमेंटचं छोटं चर्च आणि त्याला चिकटून दीपगृह. इथे सूर्यास्ताला परत यायचं आहे, तेव्हा सकाळी नुसती जागा बघून ठेवा. मग दक्षिणेच्या किनाऱ्यानं, खाणावळींच्या रांगेपुढून, पुन्हा धक्क्याकडे. एवढी फेरी निवांत चाललात तर साडेतीन तासांत होते.

धक्क्यावरच्या गाब्रिएल्ली वाड्यात सागरी संग्रहालय आहे. त्याला सेर्गेय माशेरा यांचं नाव दिलेलं आहे. हा युगोस्लाव नौदलाचा तरुण अधिकारी. एप्रिल १९४१ मध्ये कोटोरच्या आखातात ‘झाग्रेब’ ही विनाशिका शत्रूच्या हाती पडू नये म्हणून त्यानं आणि मिलान स्पासिच या सहकाऱ्यानं ती स्फोटानं उडवून दिली आणि दोघंही तिच्यासोबत गेले. आत जहाजांच्या प्रतिकृती, नकाशे आणि मिठाच्या व्यवसायाचं दालन आहे. दुपारच्या उन्हाचा वेळ इथे घालवा; दुसऱ्या दिवशीच्या मिठागरांची पूर्वतयारीही होते.

पोहणं

इथे वाळू नाही. लोक दगडी-सिमेंटच्या किनाऱ्यावर टॉवेल टाकून पडतात आणि लोखंडी शिडीवरून थेट खोल पाण्यात उतरतात. पोहता येत नसेल तर पुंताच्या आसपास उतरू नका. खडकांवर काटेरी समुद्री प्राणी असतात, पाण्यात घालायचे रबरी बूट असू द्या. उथळ पाणी हवं असेल तर चर्चच्या टेकडीखालून किनाऱ्यानं जाणारी एक किलोमीटरची वाट फिएसाला जाते, तिथे खडीचा किनारा आहे आणि मागे दोन तळी. विटांसाठी माती खणून झालेले खड्डे भरून ती तयार झाली.

जेवण

मासे खाणाऱ्यांची इथे चैन आहे. ‘ब्रान्त्सिन’ आणि ‘ओरादा’ हे दोन मासे जवळजवळ प्रत्येक यादीत दिसतात, शिवाय तळलेल्या छोट्या ‘सार्देले’. मसाला काही नाही, मीठ, लसूण, ऑलिव्ह तेल आणि लिंबू. अख्ख्या माशाची किंमत बहुतेक ठिकाणी किलोवर लिहिलेली असते. मासा आधी दाखवायला सांगा, वजन विचारा, एकूण किती होतील तेही विचारा. यात कुणी वाईट वाटून घेत नाही.

शाकाहारी माणसानं ‘ब्रेझ मेसा, ब्रेझ रीब’ एवढे शब्द पाठ करावेत: मांस नको, मासा नको. ‘फूझी’ नावाचा गुंडाळलेला पास्ता ट्रफलसोबत, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या सुवासिक अळंबीसोबत, मिळतो, न्योक्की म्हणजे बटाट्याचे उकडलेले छोटे गोळे मिळतात, बटाटा घालून केलेली ‘ब्लित्वा’ ही पालेभाजी मिळते आणि ती आपल्या चवीला लगेच रुचते. वसंतात रानटी शतावरीचे कोंब घातलेलं अंड्याचं ‘फ्रिताया’. ‘मिनेश्त्रा’ हे कडधान्य-भाज्यांचं घट्ट सूप नुसतं वाचून मागवू नका, त्यात अनेकदा डुकराचं हाड शिजवलेलं असतं. विचारून घ्या. धक्क्यावरच्या पहिल्या रांगेत समुद्राचे पैसे द्यावे लागतात. एक-दोन गल्ल्या आत गेलं की तेच जेवण स्वस्त मिळतं.

बोलायला इंग्रजी बहुतेकांना येतं. तरी दुकानात शिरताना ‘दोबेर दान’ आणि निघताना ‘ह्वाला’ म्हणा. भारतातून आलो म्हटल्यावर वयस्कर माणसं कधीकधी युगोस्लाव्हियाचे तेव्हाचे नेते टिटो यांचा आणि नेहरूंचा काळ काढतात. अलिप्त राष्ट्रांच्या चळवळीच्या त्या दिवसांत आशिया-आफ्रिकेतले कितीतरी विद्यार्थी युगोस्लाव्हियात शिकायला आले. त्यांतलेच एक, घानात जन्मलेले पेटर बोसमान, डॉक्टर होऊन इथेच राहिले आणि २०१० साली पिरानचे महापौर म्हणून निवडून आले. या गावानं बाहेरच्याला आपलं म्हणण्याची ती मोठी खूण आहे.

दुसरा दिवस: मिठागरं

सेचोव्ल्येची मिठागरं गावाच्या दक्षिणेला, क्रोएशियाच्या सीमेला लागून आहेत. सुमारे साडेसहा चौरस किलोमीटरचा हा परिसर संरक्षित निसर्गउद्यान आहे. त्याचे दोन भाग, दोन वेगळी प्रवेशद्वारं आणि आतून एकमेकांत जाता येत नाही, हे आधी ध्यानात घ्या. उत्तरेचा लेरा हा चालू मिठागरांचा भाग. दक्षिणेचा फोंतानिज्जे हा १९६०च्या दशकात बंद पडलेला. तिथे मिठकऱ्यांच्या घरांचे अवशेष आणि संग्रहालय आहे. फोंतानिज्जेची वाट दोन देशांच्या सीमाचौक्यांच्या मधून जाते, त्यामुळे पासपोर्ट हवाच. वेळ एकाच भागापुरता असेल तर लेरा निवडा. पोर्तोरोझपर्यंत किनाऱ्यानं चालत, पुढे सेचापर्यंत बसनं, असं जाता येतं. चालणाऱ्याला पूर्ण वाटही अवघड नाही, दीड-दोन तास धरा.

उरण, पेणची किंवा गोव्यातली मिठागरं पाहिलेली असतील तर मांडणी लगेच ओळखू येते: समुद्राचं पाणी एकामागून एक उथळ वाफ्यांतून पुढे न्यायचं, उन्हा-वाऱ्यानं ते घट्ट होऊ द्यायचं आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरू द्यायचं. फरक शेवटच्या वाफ्याच्या तळाशी आहे. इथे मातीवर ‘पेतोला’ नावाचा काही मिलिमीटर जाडीचा थर मुद्दाम वाढवलेला असतो. सूक्ष्मजीव, जिप्सम आणि इतर खनिजं मिळून तो तयार होतो, आणि त्यामुळे मिठाला चिखल लागत नाही. ही युक्ती चौदाव्या शतकात क्रोएशियातल्या पाग बेटावरच्या मिठकऱ्यांकडून इथे आली. थर जिवंत असल्यामुळे त्याला दरवर्षी सांभाळावं लागतं, त्यावर बुटानं पाय पडला तर तो फाटतो. म्हणून आखलेल्या बांधांवरूनच चाला. फोटोसाठी वाफ्यात पाय टाकणं म्हणजे कुणाच्या तरी वर्षभराच्या मेहनतीवर पाय देणं.

हंगामाची जुनी हद्द म्हणजे एप्रिलमधला संत जॉर्जचा दिवस ते २४ ऑगस्टचा संत बार्थोलोम्यूचा दिवस. पूर्वी त्या चार महिन्यांसाठी पिरानमधली कुटुंबंच्या कुटुंबं मुलाबाळांसह मिठागरांवरच्या घरांत राहायला जात. खाली मिठाची साठवण, वर बिऱ्हाड. फोंतानिज्जेतली पडकी घरं तीच. आज लेराला लाकडी फावड्यांनी मीठ ओढून त्याचे ढीग लावताना आणि रुळांवरच्या लाकडी गाड्यांतून नेताना बघायला मिळतं. इथे मीठ रोजच्या रोज काढतात, पण पावसाची एक जोरदार सर आली की सगळं पातळ होतं आणि काम काही दिवस थांबतं. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर बेत पुढे ढकला.

सावली अजिबात नाही. टोपी, पाणी, आणि दुपारी बारा ते चार टाळणं, हे तीन नियम. पक्ष्यांची आवड असेल तर दुर्बीण न्या. इथे अडीचशेहून अधिक जातींची नोंद आहे. शेकाट्या आणि छोटे बगळे तर बांधावरून नुसत्या डोळ्यांनी दिसतात. प्रवेशशुल्क आहे आणि उघडण्याच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात.

विकत घ्यायचंच असेल तर इथलं मीठ घ्या, चुंबक आणि किल्ल्यांचे जुडगे सगळीकडे मिळतात. साधं जाडं मीठ आणि पृष्ठभागावरून हलक्या हातानं काढलेलं ‘सोल्नी त्स्वेत’ असे दोन प्रकार आहेत. दुसरं महाग, खायच्या वेळी वरून भुरभुरवायचं. रोजच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्त मिठाऐवजी वापरण्याआधी पाकिटावर आयोडीनचा उल्लेख आहे का ते वाचा. मीठ बॅगेत खाली, प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत ठेवा आणि घरी आलं की काचेच्या बरणीत काढा, नाहीतर मुंबई-कोकणच्या हवेत पहिल्या पावसातच त्याला पाणी सुटेल.